बायका मोजू नका, माणसं मोजा

गेल्या आठवड्यात मामेभावाने एक फॉरवर्ड पाठवला. खाली अंगठा आणि "ताई, सुटलो गं!" रबाळ्याला एमआयडीसीत त्याचं पॅकिंगचं युनिट आहे, आणि त्याच्यासारख्याच चार-पाच जणांचे पगार नि पीएफची चलनं मी बघते. त्या दिवसात तोच मेसेज मला आणखी दोन मालकांकडून आला. 'पॉश कायदा : छोट्या मालकांनो, घाबरू नका' असं शीर्षक आणि खाली पाच मुद्दे. पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. लिहिणाऱ्याने कायदा उघडून बघितलेला नाही, हे पहिल्याच मुद्द्यावरून कळतं.

पहिला मुद्दा म्हणतो, "10 पेक्षा कमी बायका असतील तर हा कायदा लागू नाही." बायका? 2013 च्या या कायद्यात बायका मोजायला कुठेही सांगितलेलं नाही. कलम 6 मध्ये 10 हा आकडा आहे तो कामगारांचा, पुरुष धरून. मी मामेभावाच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि म्हटलं, मोज. "सात," तो म्हणाला. हे सात म्हणजे पगारपत्रकावरचे. मागे टेप मारत बसलेली ठेकेदाराची पाच पोरं? "ती माझी नाहीत." कायद्याच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कर्मचारीच आहे, रोजंदारीवालाही आणि शिकाऊसुद्धा. मग आयटीआयचे दोन शिकाऊ निघाले. झाले चौदा. त्यात बायका तीन. म्हणजे लेखी आदेश काढून अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती नेमायलाच हवी होती, आणि ती नाही. पहिल्यांदा दोषी ठरलं तर 50,000 रुपयांपर्यंत दंड. पुन्हा तेच केलं तर दुप्पट शिक्षा, शिवाय परवाना जाऊ शकतो.

बरं, खरोखर सातच असते तरी तो सुटला नसता. 10 च्या खाली अंतर्गत समितीची सक्ती नाही, कायदा मात्र तसाच लागू. अशा ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. रबाळ्याची ठाणे जिल्ह्याच्या, तळोज्याची रायगडच्या. आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर माणसं पन्नास असोत की पाचशे, ती स्थानिक समितीकडेच जाते. हे वाक्य फॉरवर्डमधून नेमकं गळलंय.

दुसऱ्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं. "तक्रार आली तर आपसात मिटवा, थोडे पैसे द्या, लेखी घ्या." कलम 10 नुसार समझोता होऊ शकतो, पण त्या बाईने स्वतः मागितला तरच, तोही चौकशी सुरू होण्याआधी आणि समितीमार्फत. पैसे हा त्याचा आधार असूच शकत नाही, असं त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. पूर्वी मी ज्यांचं काम बघायचे त्या एका युनिटात असंच 'मिटवलं' होतं. स्टॅम्प पेपरवर मजकूर होता, 'घरगुती अडचणीमुळे राजीनामा देत आहे, कोणतीही तक्रार नाही.' खाली तिची सही, अक्षरं वाकडी, आणि शेजारी साक्षीदार म्हणून सुपरवायझरची. तक्रार त्याच्याविरुद्धच होती! तिचा फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशेब, मीच काढला. तेव्हा मलाही कलम 10 माहीत नव्हतं.

"तीन महिन्यांनंतरची तक्रार फेकून द्या." अर्धं खरं. मुदत तीन महिन्यांचीच आहे, पण प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या प्रसंगापासून मोजायची. कारण पटलं तर समिती ती लेखी नोंद करून आणखी तीन महिने वाढवू शकते. ठरवणार समिती, मालक नव्हे.

"खोटी तक्रार केली तर बाईलाच शिक्षा." हेही, मान्य करते, हवेतून आलेलं नाही. कलम 14 आहे. पण ते जाणूनबुजून, द्वेषाने केलेल्या खोट्या तक्रारीसाठी. तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून कारवाई करता येत नाही. फॉरवर्डमध्ये हा फरक कोण सांगतो?

पाचवा मुद्दा, या कायद्याच्या माहितीचा बोर्ड लावला की काम झालं. बोर्ड लावावाच लागतो, पण त्यावर नावं कुणाची लिहिणार, समितीच नसेल तर?

मामेभाऊ आता समिती नेमायला तयार झालाय. निदान दोन सदस्य कर्मचाऱ्यांतून, एक बाहेरचा, निम्म्या तरी बायका, हे सगळं मी कागदावर लिहून दिलं. काल रात्री त्याचा फोन आला. "ताई, अध्यक्ष म्हणून आमच्या हिला बसवली तर? चेकवर सही तीच करते." मी विचारलं, ती पगारपत्रकावर आहे का? अध्यक्ष तिथलीच, वरच्या पदावर नोकरीला असलेली बाई लागते. नसेल तर आपल्याच दुसऱ्या युनिटातली किंवा दुसऱ्या संस्थेतली आणता येते. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाला, "तिला पगार चालू करायचा म्हणजे पीएफ पण भरावा लागेल ना?"