जिमी मरत नाही : ‘क्वाड्रोफेनिया’च्या शेवटाविषयी

‘क्वाड्रोफेनिया’ या १९७९ सालच्या ब्रिटिश चित्रपटाबद्दल एक विधान इतक्या वेळा केले जाते की, चित्रपट न पाहिलेल्यांनाही ते ठाऊक असते : लंडनचा तरुण मॉड (१९६०च्या दशकात नेटके कपडे घालून स्कूटरवर फिरणाऱ्या तरुणांपैकी एक) जिमी कूपर शेवटी चोरलेल्या स्कूटरसकट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बीची हेडच्या कड्यावरून समुद्रात झेपावतो आणि मरतो. या विधानाच्या समर्थनार्थ सहसा चार कारणे दिली जातात. स्कूटर कोसळताना आपल्याला दिसते. जिमीजवळ जगण्यासारखे काही उरलेले नसते. ज्या संगीतसंग्रहावर चित्रपट बेतला आहे त्याचाही शेवट मृत्यूनेच होतो. आणि अशा बंडखोर पोराला दुसरा शेवट शोभलाच नसता. माझ्या मते यातले एकही कारण टिकत नाही.

स्कूटर कोसळते हे खरे आहे. मात्र हवेत झेपावलेल्या आणि खाली खडकांवर चक्काचूर झालेल्या त्या व्हेस्पा स्कूटरवर किंवा तिच्याजवळ स्वार कुठेही दिसत नाही. दिग्दर्शक फ्रँक रॉडम यांना मृत्यूच दाखवायचा असता, तर तो दाखवणे अवघड नव्हते. शिवाय उत्तर त्यांनी चित्रपटाच्या अगदी सुरुवातीलाच देऊन ठेवले आहे. पहिल्याच दृश्यात मावळतीच्या उजेडात जिमी कड्याच्या टोकाकडे पाठ करून, एकटा, पायी आपल्या दिशेने चालत येतो. त्याच्यासोबत स्कूटर नाही. त्यानंतर कथा मागे जाते आणि तो लंडनच्या रस्त्यांवर स्वतःच्या लॅम्ब्रेटा स्कूटरवरून फिरताना दिसतो. हे दृश्य आधीच्या एखाद्या सहलीचे असावे, असा आक्षेप घेता येईल. पण जिमी यापूर्वी कधी त्या कड्यावर गेला होता असे चित्रपटात काहीही सुचवलेले नाही, आणि त्या जागी त्याने पायी असण्याला शेवटच्या प्रसंगाखेरीज दुसरे कारण सापडत नाही. कथेचा शेवट सुरुवातीला ठेवलेला आहे, आणि तो जिवंत माणसाचा आहे.

दुसऱ्या कारणाकडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण ते वरवर पाहता फार पटण्यासारखे आहे. जाहिरात कंपनीत टपाल पोहोचवण्याची नोकरी जिमीने साहेबाला सुनावून सोडली आहे, गोळ्या सापडल्यावर आईने घराबाहेर काढले आहे, ब्रायटन या समुद्रकाठच्या शहरात मॉड आणि त्यांचे प्रतिस्पर्धी, मोटारसायकलवाले रॉकर, यांच्यात झालेल्या दंगलीत बोळात जवळ आलेली स्टेफ आता त्याच्याच मित्रासोबत फिरते, आणि लॅम्ब्रेटा टपालाच्या गाडीखाली मोडली आहे. या अवस्थेत तो आगगाडीने पुन्हा ब्रायटनला जातो, कारण आयुष्यातला सर्वांत उजळ दिवस त्याने तिथे अनुभवलेला असतो. तिथे त्याला दिसतो एस फेस. दंगलीबद्दल न्यायाधीशाने ७५ पौंड दंड ठोठावल्यावर जागच्या जागी धनादेश लिहून देण्याची तयारी दाखवणारा आणि सगळ्या मॉड पोरांना राजासारखा वाटणारा हा तरुण हॉटेलात गणवेश घालून पाहुण्यांच्या बॅगा उचलत असतो. त्या क्षणी जिमीचे जे मोडते ते त्याचे दैवत. म्हणूनच कड्यावर नेण्यासाठी तो नेमकी त्याच माणसाची व्हेस्पा पळवतो, आणि हा तपशील मृत्यूचा दावा करणारे सहसा सोडून देतात. नष्ट व्हायचे ते त्या दैवताचे चिन्ह, आणि ते नष्ट होते. मुलाजवळ काहीच उरले नाही असे म्हणताना आपण घर, नोकरी, मैत्रीण आणि टोळी मोजतो. पण टोळीने त्याला काय दिले होते तेही पाहायला हवे. लहानपणीचा मित्र केव्हिन रॉकर झाला आहे, आणि रॉकरांवर सूड उगवताना जिमीची टोळी त्याला मारते, आणि मार खाणारा कोण आहे हे ओळखल्यावर जिमी त्याला सोडवण्याऐवजी स्कूटर वळवून निघून जातो. ज्या ओळखीपायी त्याच्यावर ही वेळ आली, तिचा शेवट म्हणजे त्याचा शेवट नव्हे.

संगीतसंग्रहाचे कारण थोडक्यात निकालात काढता येते. द हू या बँडच्या १९७३ सालच्या त्याच नावाच्या संग्रहात जिमी होडीने समुद्रातल्या एका खडकावर जातो आणि पावसात तिथे अडकतो. कथा तिथेच उघडी सोडलेली आहे. त्यात कडा नाही, कोसळणारी स्कूटर नाही आणि मृत्यूही नाही.

उरले शेवटचे कारण, आणि मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. कामगारवस्तीतल्या अस्वस्थ पोराची गोष्ट मरणाने संपली तरच ती खरी, असे मानण्यात त्या पोरावर अन्याय आहे. १९६४च्या सुट्ट्यांमध्ये क्लॅक्टन, मार्गेट आणि ब्रायटन इथे मॉड आणि रॉकर यांच्यात मारामाऱ्या झाल्या, तेव्हा वृत्तपत्रांनी या मुलांना देशावरचे संकट ठरवले. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ले कोहेन यांनी पुढे १९७२च्या आपल्या पुस्तकात ही भीती कशी फुगवली गेली ते दाखवून दिले. त्यातली बहुसंख्य मुले सोमवारची सुट्टी संपल्यावर कारखान्यात, दुकानात किंवा कचेरीत परत गेली असणार. चित्रपटाला जिमीविषयी जो प्रश्न पडला आहे तो या परतीचा आहे : अंगावरचा मॉड पद्धतीचा पार्का कोट आणि बुडाखालची स्कूटर काढून घेतली, तर हा मुलगा कोण म्हणून जगेल? तो मेला असे म्हटले की हा प्रश्नच पुसला जातो. तो कड्यापासून मागे चालत येतो, म्हणूनच त्याला उद्या काय करायचे ते ठरवावे लागणार आहे.