नगरच्या माणसाची शेवटची कोटी

2025 च्या मार्चमध्ये मुंबईत खारला एका विनोदावरून कार्यक्रमाच्या जागेची तोडफोड झाली, तेव्हा इंग्लंडातल्या आमच्या मराठी मंडळींचं लगेच एकमत झालं: आपल्याकडे विनोद सोसवत नाही, इथे बघा, लोक थडग्यावरसुद्धा विनोद कोरतात! पुरावा म्हणून नेहमीचा विनोदवीर स्पाइक मिलिगन.

मला वाटतं, हा पुरावा मंडळींवरच उलटतो.

बीबीसी रेडिओ गाजवणारा मिलिगन 1918 मध्ये आपल्या अहमदनगरात (आताच्या अहिल्यानगरात) जन्मला. वडील ब्रिटिश लष्करात, त्यामुळे बालपणाचा काही काळ पुण्यात गेला. 2002 मध्ये तो वारला. त्याला दगडावर ओळ हवी होती, ‘सांगत होतो ना, मी आजारी आहे!’ त्याला पुरलं ते इंग्लंडातल्या विंचेल्सीचं चर्च चिचेस्टरच्या धर्मप्रांतात येतं, आणि धर्मप्रांताने इंग्रजीत हे कोरू द्यायला नकार दिला. शेवटी तडजोड म्हणून 2004 मध्ये ती ओळ आयरिश भाषेत कोरली गेली. म्हणजे आलेल्यांपैकी बहुतेकांना वाचता येणार नाही, या अटीवर विनोदाला परवानगी!

पुढची गंमत 2020 ची. कॉव्हेंट्रीजवळ एका आयरिश वंशाच्या कुटुंबाला आईच्या थडग्यावर आयरिशमध्येच ‘सदैव आमच्या हृदयात’ लिहायचं होतं. चर्चच्या न्यायाधीशांनी सांगितलं, इंग्रजी भाषांतर जोडा, नाहीतर कुणाला राजकीय घोषणा वाटेल. पुढच्या वर्षी अपिलात कुटुंब जिंकलं. तेव्हा भावना दुखावण्याची धास्ती फक्त खारमध्ये राहते, असं कुणी मला सांगू नये. इथे हातोड्याऐवजी अर्ज येतो, हा फरक मात्र खरा, आणि लहान नाही.

दगडावर तोंड सोडण्यात आपणही मागे नव्हतो. शिलाहारांच्या काळातले गधेगाळ, म्हणजे शिवी-शाप कोरलेले दानाचे दगड, पाहा. दान दिलेल्या जमिनीला हात लावणाऱ्याला चित्रासकट अशी शिवी कोरलेली, की संग्रहालयात मुलांना पटकन पुढे न्यावं लागतं.

इथलं उचलण्यासारखं आहे ते वेगळंच. आमच्या गावच्या लायब्ररीतल्या लेखनवर्गात स्वतःच्या थडग्यासाठी दोन गमतीदार ओळी लिहायला लावतात. खेळ जुना आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये नट गॅरिकने लेखक गोल्डस्मिथवर, तो जिवंत असताना, मृत्युलेख रचला: लिहायचा देवदूतासारखा, बोलायचा पोपटासारखा. गोल्डस्मिथने उत्तरादाखल सगळ्या मित्रमंडळींचे मृत्युलेख लिहायला घेतले आणि 1774 मध्ये, ते पुरे व्हायच्या आत, स्वतःच गेला.

मराठीला हे अवघड नाही. दोन ओळी, यमक आणि मधे माणूस, म्हणजे उखाणाच की! मी पहिला स्वतःवर रचला:

‘पुढच्या वर्षी कायमची परत येते’ दरवर्षी म्हणाली,
व्हिसा न लागणाऱ्या गावी अखेर रवाना झाली.

आईला फोनवर ऐकवला. ‘अगं, काय अभद्र बोलतेस! वास्तू तथास्तु म्हणत असते.’ मग जरा थांबून, ‘मामांवर कर की एखादा.’ मामांवर केला:

‘निघालोच’ म्हणत बसले चाळीस वर्षं घरी,
आज खरंच निघाले, तर रडते मंडळी सारी.

यात मामांचा अपमान कुठे आहे? गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे बरोबरच. पण म्हणून चौकातल्या फ्लेक्सवर प्रत्येक जण ‘मनमिळाऊ’ आणि ‘हसतमुख’ निघावा? त्यात तो माणूस कुठेच सापडत नाही. मामा त्या ‘निघालोच’मध्ये सापडतात.

शाळा-कॉलेजांतल्या लेखन शिबिरांत हा प्रकार जरूर करून पाहावा. अट एकच, पहिला स्वतःवर लिहायचा. मग पुढचे आपोआप मायेने येतात. माझा सगळ्यात जमलेला मात्र पुण्याच्या आमच्या सोसायटीवरचा आहे:

मेंटेनन्स मागून मागून सेक्रेटरी थकून गेले,
खांदा द्यायला थकबाकीदार सर्वांत पुढे आले.

हा ग्रुपवर टाकलेला नाही. सेक्रेटरी ठणठणीत आहेत आणि आमच्या पार्किंगचा अर्ज अजून त्यांच्याकडेच आहे.