दशरथ, काका आणि दहापैकी दोन

दहापैकी दोन! तेसुद्धा मार्जिन नीट सोडलं म्हणून, असं मॅडम सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या. वय माझं बेचाळीस, हौसेनं लॉला ॲडमिशन घेतली आणि आता ॲडव्हान्स्ड लीगल रिसर्चमध्ये शेजारच्या एकवीस वर्षांच्या पोरीपेक्षा सहा मार्क कमी.

विषय होता, चेक बाउन्स झाला तर केस कुठल्या गावात टाकायची. निवाडे शोधायच्या साइटच्या, कॉलेजच्या एकुलत्या एक लॉगिनवर रात्री साडेअकराला नंबर लागला तेव्हा शोधून शोधून सुप्रीम कोर्टाचा २०१४चा दशरथ रूपसिंग राठोड निवाडा काढला, तीन जजांचं बेंच, ज्या बँकेनं चेक नाकारला तिथलंच कोर्ट, विषय संपला. ओव्हररूल, म्हणजे नंतर कुठल्या मोठ्या बेंचनं फिरवल्याचं, कुठे दिसलं नाही. बारा पानं लिहून काढली.

सकाळी कोर्टनाक्याला स्पायरल करायला गेलो. बाइंडिंगवाल्या काकांनी पान उलटलं आणि मशीनच बंद केलं.

"दशरथ टाकलाय?"

"तुम्हाला माहितीये?"

"अहो वकीलसाहेब, ह्या दशरथानं मला वनवासाला धाडलं! बाउन्स झालेल्या चेकची केस टाकली ठाण्यात, हा निवाडा आला नि कोर्टानं कागद हातात परत दिले. म्हणे तीस दिवसांत तिकडे टाका, चेक देणाऱ्याच्या बँकेच्या गावात. आणि गाव कुठलं? नाशिक! शाखा कुठली? पंचवटी! साल २०१४, बघा, तोही चौदाच."

मागे वकालतनाम्याच्या कॉप्या घेऊन उभा असलेला एक ज्युनियर घड्याळ बघत होता, काका कसारा घाटात होते. खोपटहून पहाटेची एसटी, वडे, पुढची तारीख, परत एसटी. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण २०१५ला कायदाच बदलला ना. चेकच्या कायद्यात कलम १४२ला पोटकलम दोन घातलं. आपण चेक भरला ते आपलं खातं ज्या शाखेत, तिथलं कोर्ट. माझी शाखा नौपाड्याची. केस आली परत ठाण्याला. तुमच्यात आहे का हे?"

नव्हतं. पावणेअकरा वाजलेले, अकराला सबमिशन.

"करा बाइंड," म्हटलं.

"मागचं कव्हर कुठलं, निळं की काळं?"

"काळं."

"बरोबर," काका म्हणाले, "सुतकच आहे."

मॅडमनी लाल पेनानं एवढंच लिहिलंय, '१४२(२) वाचलंत?' अहो, तीन आठवडे तुम्ही आम्हाला सर्च करताना अवतरणचिन्हं कुठे टाकायची, अँड कधी नि ऑर कधी हेच शिकवलंत! निवाडा ओव्हररूल न होताही संसद त्याच्या पायाखालचं कलमच बदलू शकते हे कधी सांगितलंत? तर म्हणे मंगळवारी सांगितलं होतं. मंगळवारी मी तीन हात नाक्याला टीएमटीच्या बसमध्ये उभा होतो, एका पायावर. फी मात्र पूर्ण दोन पायांची घेतात.

आता रीसबमिशन. काकांकडून शिकलो ते तळटीपेत कसं द्यायचं, त्याचा फॉरमॅट हँडआउटमध्ये नाही. आज परत गेलो तर काका म्हणाले, नव्या स्पायरलचे चाळीस.

आणि जुनं काढायचे दहा वेगळे.