लातूरला पाण्यावर संशोधन करायला येताय? मग एवढं वाचूनच या

आधी अभिनंदन. प्रोजेक्ट मंजूर झाला, 'शहरी जल-रेझिलियन्स' (म्हणजे पाणीटंचाईतही शहरानं तग धरणं) असं भारदस्त नाव मिळालं, आणि पैसे देणाऱ्यांनी अट घातली की लोकसहभाग पाहिजेच. आता हे लोक आणायचे कुठून म्हणून तुम्ही हैराण असाल तर सरळ लातूरला या. पाणी नाही पण लोक भरपूर आहेत, आणि सर्वे म्हटलं की न चिडता दार उघडायची सवय झालेली आहे. मी स्वतः दोन-तीन प्रोजेक्टांत फील्डवर माणसं गोळा करून दिलीत, उरलेल्या वेळी मीच 'समाज' असतो, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

पहिली गोष्ट, प्रश्न घरूनच ठरवून आणा. इथं येऊन विचारत बसलात की बाबांनो तुम्हाला नेमकं काय शोधून पाहिजे, तर गेलात कामातून. आमच्या गल्लीतल्या बायकांना विचारून बघा, त्यांना एवढंच पाहिजे की वरच्या गल्लीला दीड तास आणि आपल्याला चाळीस मिनिटं असं का, आणि पाणी सुटायची वेळ आदल्या दिवशी कळायला काय अडचण आहे. आता ह्याच्यावर काय पेपर होणार का? जाऊ द्या.

रेझिलियन्सचं मराठी करायचा मोह होईल, जपून करा. एका मॅडमनी 'लवचिकता' केलं होतं. "शहराची लवचिकता वाढवायची आहे," असं त्या समजावून सांगत होत्या, तर मागून एक काकू म्हणाल्या, "म्हणजे अजून वाकायचं का बाई?" मिनिट्समध्ये 'चर्चा झाली' एवढंच आलं. शब्द मात्र सोडू नका कारण तो फार सोयीचा आहे, लोक लवचिक आहेत, चिवट आहेत, कसंही भागवतात, हे एकदा सिद्ध झालं की पाणी कोणी द्यायचं हा विषयच संपतो.

पहिल्या स्लाइडवर रेल्वेचा फोटो टाका, सगळेच टाकतात. १२ एप्रिल २०१६, मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून पाण्याची गाडी लातुरात आली, १० डबे, ५ लाख लिटरच्या घरात पाणी, शहराला पाणी देणारं मांजरा धरण तेव्हा कोरडं ठाक. फोटो भारी दिसतो. फक्त स्लाइडवर भागाकार करू नका. २०११ च्या जनगणनेत शहर पावणेचार लाखांच्या वर होतं, म्हणजे त्या पहिल्या गाडीचं पाणी माणशी सव्वा लिटरच्या थोडं वर पडतं, आणि सरकारी मापात नळयोजनेच्या शहराला माणशी रोज १३५ लिटर धरतात. पुढं ५० डब्यांची गाडी सुरू झाली पण भागाकार तरी किती बरा दिसणार.

त्याच साली मार्चमध्ये इथं पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ कलम लागलं होतं, पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत, भांडणं होत होती म्हणून. हे नीट लक्षात ठेवा, कारण तुम्हाला त्याच टाकीजवळच्या हॉलमध्ये चाळीस माणसं जमवून पाहिजेत. लोकांचा गोंधळ होतो हो. पाण्यासाठी जमलं की पोलीस आणि पाण्याविषयी बोलायला जमलं की चहा-समोसा, कधी जमायचं आणि कधी नाही ते आधी सांगून ठेवत जा.

वर्कशॉप सकाळी अकराला ठेवा. कामाला जाणारा माणूस तेव्हा कामावर असतो, म्हणजे आपोआपच निवांत आणि विचारी लोक येतात, रिटायर्ड मास्तर, दोन माजी नगरसेवक, एखादे पत्रकार. बायका पाहिजेत कारण फॉर्मवर टक्का भरायचा असतो, तर बचत गटाच्या ताईंना सांगा, त्या वीस जणी आणतील, सगळ्यांत पुढं बसवा, फोटो काढा. रोजगार बुडाला त्याचे पैसे विचारले तर सर्टिफिकेट द्या. एकदा आमचं असंच चाललं होतं, साहेब 'भागधारक' म्हणजे काय ते समजावत होते, आणि पावणेबाराला कोणाचा तरी फोन वाजला, पाणी सुटलं. दोन मिनिटांत हॉल रिकामा. साहेब, मी, मास्तर आणि समोसे. रिपोर्टमध्ये त्याला 'सहभागींची गळती' म्हटलंय, आणि खरं सांगतो, गळती हा शब्द त्या सबंध रिपोर्टात तेवढाच एकदा आलाय.

सर्वे मोबाईल ॲपवरच घ्या. 'पाण्याचा मुख्य स्रोत कोणता? एकच निवडा.' नळ, टँकर, बोअर, इतर. आता आमच्या घरात नळाचं पाणी स्वयंपाकाला, बोअरचं धुण्याला आणि संडासला कारण ते इतकं जड की साबणाला फेसच येत नाही, पिण्याला वीस लिटरचा जार, आणि मे महिन्यात बोअर आटला की चार घरांत मिळून टँकर. आई विचारते, "बाळा, कोणता सांगू?" पोरगं घामाघूम झालेलं, त्याला दिवसात तीस घरं करायचीत, ते 'नळ' दाबतं आणि पुढं जातं. झालं, आम्ही नळावरचे. शिवाय घर म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं अशी व्याख्या असल्यामुळे लातूर पॅटर्नच्या क्लाससाठी बाहेरगावाहून आलेली, रूमा आणि होस्टेलमध्ये राहून डबा खाणारी हजारो पोरं तुमच्या शहरात राहतच नाहीत. आंघोळ मात्र इथंच करतात.

मग खेळ घ्या. लोकांना खेळ आवडतात, जमिनीवर रांगोळीने नकाशा काढायचा असतो. पण सावध, कारण बायका फार बारीक काढतात. आमच्याकडे एका आज्जीने पाईपलाईन काढली, पाणी सोडायचा वॉल (व्हॉल्व्ह) कुठं आहे ते काढलं, तो अर्धाच फिरतो हे सांगितलं, कोणाची मोटार थेट लाईनला लावलेली आहे तिथं खडा ठेवला, आणि ज्याच्या घरावर खडा ठेवला ते अध्यक्षांच्या शेजारी बसले होते. नकाशा पुसावा लागला. फोटोत आता नुसतं कमळ आहे, छान आलंय.

चपात्यांचाही एक खेळ असतो, कागदाचे गोल, ज्याचं महत्त्व जास्त त्याला मोठी चपाती. बायकांनी सगळ्यांत मोठी दिली वॉलमनला. पालिकेला जी दिली ती चपाती नव्हतीच, पुरी होती. ह्यावर घाबरू नका, जेवणाच्या सुट्टीत अदलाबदल करता येते. आणि वॉलमनला चुकूनसुद्धा बोलावू नका! शहराचं पाणी कुठं किती वेळ जातं ते त्या माणसाच्या हातातल्या चावीला ठाऊक, कंत्राटी आहे, पगार वेळेवर होत नाही, भर चौकात शिव्या खातो, आणि एकदा बोलायला लागला तर तुमच्या मॉडेलची गरजच उरणार नाही.

दुसऱ्या स्लाइडवर ती शिडी असते, शेरी अर्नस्टाईन बाईंची, १९६९ ची, लोकसहभागाच्या आठ पायऱ्या. वरची पायरी म्हणजे कारभारच लोकांच्या हातात, आणि सगळ्यांत खालची म्हणजे लोकांना वापरून घेणं. ती जरूर दाखवा पण झरझर पुढं न्या. आमच्याकडे शिडी दिसली की माणूस लगेच वर चढतो आणि टाकीत डोकावून बघतो, किती शिल्लक आहे.

अभ्यासाची हद्द महानगरपालिकेच्या हद्दीवरच थांबवा. हद्दीबाहेर मांजरा पट्टा लागतो, तिथं ऊस आहे, उसाच्या पलीकडे साखर कारखाने आहेत, आणि धरणातलं पाणी कोणाला किती ह्या प्रश्नावर तुमच्या कमिटीतले अर्धे सदस्य चहा प्यायला बाहेर जातील. त्यापेक्षा लोकांना दात घासताना नळ बंद ठेवायला शिकवा. नळ बंदच असतो, पण शिकवा. बोअरचंही तसंच, भूजल कायद्यात ६० मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या पुढं गेली की ती खोल विहीर, आणि आमच्या गल्लीत सातशे फुटाला ओल लागली तरी पेढे वाटतात. 'समाजाचे पारंपरिक ज्ञान' ह्या प्रकरणात घाला हे.

वेळ मात्र साधता आली पाहिजे. मार्च ते जून यायचं. २०१६ ला इतके लोक आले होते की लॉजला खोल्या मिळत नव्हत्या (लॉजला पाणी होतं, विचारू नका कुठून), मग पावसाळ्याच्या शेवटी मांजरा भरलं आणि संशोधन आटलं ते आटलंच. धरण भरलेलं असताना पुढच्या दुष्काळाचं वेळापत्रक लोकांबरोबर बसून करावं असं एका सरांनी सुचवलं होतं. तरुण होते.

रिपोर्ट इंग्रजीत काढा. गल्लीत द्यायला परत यायची गरज नाही, लोकांना राग येत नाही, त्यांना आठवतसुद्धा नाही तुम्ही चौथे होता की पाचवे. फक्त निघताना तो स्टेजमागचा फ्लेक्स गुंडाळून नेऊ नका, इथंच ठेवा. मागच्या प्रोजेक्टचा आमच्या दारात दोन ड्रमांवर घालून कडेनं सुतळी बांधलेली आहे, कचरा जात नाही, डास होत नाहीत, 'सहभाग' एका ड्रमवर आणि 'शाश्वत' दुसऱ्यावर. तिसरा ड्रम उघडाच आहे, तर ह्या वेळी जरा मोठा छापा.