‘रवांडात महागड्या गोरिलांशिवाय आहे काय?’ याला उत्तर

आफ्रिकेच्या सहलीचा विषय निघाला की सध्या एक मजकूर हमखास पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: रवांडाला जाऊन पैसे वाया घालवू नका. एक तास गोरिला बघायला दीड हजार डॉलर ही उघड लूट आहे. तिथल्या अकागेरा उद्यानातले सिंह आणि गेंडे बाहेरून आणून सोडलेले, म्हणजे सफारीही खोटी. देश एवढासा की दोन दिवसांत संपतो. वर धोका, आणि शाकाहारी माणसाची उपासमार. त्यापेक्षा केनियातलं मसाई मारा गाठा.

मसाई मारा जरूर गाठा. पण रवांडाबद्दल यात जे लिहिलंय ते बरंचसं अर्धवट आहे आणि काही साफ चुकीचं आहे. ज्या देशाने एवढ्या दाटीवाटीत जंगल राखलं, त्याच्याबद्दल असं काहीबाही पसरत राहावं याचं मला वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पैशांचं. गोरिला परमिट १,५०० डॉलरचं आहे, हे खरं. २०१७ च्या मे महिन्यात ते ७५० वरून एकदम दुप्पट केलं गेलं. आपल्या रुपयांत सव्वा लाखाच्या वर, आणि तेही माणशी. मध्यमवर्गीय घराला ते परवडत नाही, हे मान्यच आहे. शेजारच्या युगांडात हेच परमिट ८०० डॉलरला मिळतं, हेही सांगून टाकतो. पण महाग असणं वेगळं आणि लूट वेगळी. गोरिलांच्या एका कुटुंबाकडे दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ माणसं, फक्त एक तास. सगळी कुटुंबं धरून दिवसाला शंभर माणसंसुद्धा वर जात नाहीत. ताडोबात एका वाघिणीभोवती जिप्सींची कोंडी झालेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको. मर्यादा इतकी कडक आहे, कारण आपली साधी सर्दी गोरिलांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून तोंडाला मास्क, दहा मीटरचं अंतर, पंधरा वर्षांखालच्या मुलांना बंदी, आणि आजारी दिसलात तर गाइड वर नेत नाही. माणसं कमी न्यायची आणि तरीही जंगल राखण्यापुरता पैसा उभा करायचा, तर दर चढणारच.

हा पैसा जातो कुठे? उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नातला ५ टक्के वाटा २००५ पासून भोवतालच्या गावांना मिळायचा, दर वाढला तेव्हा तो १० टक्के झाला. त्यातून शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या. याची गरज का पडते, ते गोरिलांच्या व्होल्कॅनोज उद्यानाच्या हद्दीवर गेलं की कळतं. तिथे सिमेंटशिवाय रचलेली, माणसाच्या छातीपर्यंतही न येणारी दगडी भिंत आहे, रानम्हशींनी शेतात घुसू नये म्हणून. भिंतीच्या अलीकडे काळ्या लाव्हाच्या मातीत बटाट्याच्या सऱ्या, मध्येमध्ये पायरेथ्रमची, म्हणजे कीटकनाशकासाठी लावतात ती, पांढरी फुलं. शेवटची सरी थेट भिंतीला टेकलेली. पलीकडे पाऊल टाकलं की बांबूचं रान. बफर झोन वगैरे काही नाही. याच पायरेथ्रमच्या लागवडीसाठी १९६० च्या दशकाअखेरीस उद्यानाचा मोठा भाग तोडून दिला गेला होता. अशा ठिकाणी गोरिला जिवंत असण्यात शेतकऱ्याचा फायदा नसेल, तर ती भिंत किती दिवस टिकेल? वर चढताना काठी हातात देणारे, चिखलात हात धरणारे पोर्टर आहेत ना, त्यांच्यातले काही जण पूर्वी शिकारी होते. पाठीवर ओझं नसलं तरी पोर्टर घ्या, ही माझी आग्रहाची विनंती.

परिणाम आकड्यांत दिसतो. रवांडा, युगांडा आणि काँगोत पसरलेल्या विरुंगा पर्वतरांगेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत ते ६०४ भरले. या जंगलातून हटवल्या गेलेल्या बाट्वा या आदिवासी लोकांच्या पदरात मात्र यातलं फार थोडं पडलं. टीका करायचीच तर तिथे करा, ती रास्त ठरेल.

आता ‘खोटी सफारी’. हा आरोप मला सगळ्यात जास्त लागतो. अकागेरात सिंह मुळात होतेच. १९९४ मध्ये हुतू कट्टरपंथीयांनी केलेल्या तुत्सींच्या नरसंहारानंतर, कित्येक वर्षं परदेशात काढलेली निर्वासित कुटुंबं गुरांचे कळप घेऊन परतली. देशात जागा नव्हती, म्हणून उद्यान निम्म्याहून लहान करून ती जमीन त्यांना दिली गेली. सिंह गुरं मारायचे, मग गुराखी मांसात विष घालायचे. काही वर्षांत सिंह संपले. काळा गेंडा शेवटचा दिसला २००७ मध्ये. २०१० मध्ये सरकार आणि आफ्रिकन पार्क्स ही संस्था यांनी मिळून कारभार हाती घेतला, २०१३ पर्यंत १२० किलोमीटर कुंपण घातलं, आणि २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून सात सिंह आणले. त्यांचे आज पन्नासावर झालेत. २०१७ मध्ये अठरा काळे गेंडे आले. नंतर आलेले पांढरे गेंडे मूळचे रवांडाचे नाहीत, एवढ्यापुरतं त्या मजकुराचं बरोबर आहे.

पण आणलेला प्राणी खोटा कसा? मध्य प्रदेशातल्या पन्नात २००९ मध्ये एकही वाघ उरला नव्हता. कान्हा, बांधवगडहून वाघ आणले, त्यांची पिल्लं तिथे वाढली. पन्नाच्या आजच्या वाघांना कुणी खोटं म्हणत नाही. अकागेरात आज दिसणारे बहुतेक सिंह तिथेच जन्मलेत, स्वतः शिकार करतात. मारासारखी हजारोंची झुंड तिथे दिसणार नाही. पण इहेमा तलावात पाणघोड्यांमधून होडी जाते, उत्तरेच्या माळांवर झेब्रे आणि ‘टोपी’ जातीची हरणं चरतात, आणि एका प्राण्याभोवती वीस गाड्या नसतात.

देश लहान आहे, हे अगदी खरं. पुणे आणि सातारा जिल्हे एकत्र केले की जवळपास रवांडाएवढं क्षेत्र होतं, आणि लोकसंख्याही साधारण तेवढीच. तेवढ्यात सिंह, हत्ती, गोरिला, चिंपांझी सांभाळून दाखवा! आणि दोन दिवसांत तो संपत नाही, कारण रस्ते डोंगरांना वळसे घेत जातात. राजधानी किगालीहून न्युंग्वेच्या जंगलाला पोचायलाच पाच-सहा तास. तिथे माकडवर्गातल्या तेरा जाती आहेत, झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा झुलता पूल आहे, आणि २०२३ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. पश्चिम सीमेवर किवू सरोवर आहे. संध्याकाळी तिथले कोळी तीन-तीन होड्या लांब बांबूंनी जोडून सांबाझा मासळीला निघतात, वल्ह्यांच्या तालावर गात.

सुरक्षिततेबद्दल बोलताना लोक १९९४ वर अडकून बसतात. किगालीत आता रात्रीही पायी फिरता येतं. सावधगिरी हवी ती काँगोच्या सीमेवर. २०२५ च्या जानेवारीत काँगोतलं गोमा शहर एम२३ बंडखोरांच्या हाती पडलं तेव्हा तोफगोळे सीमेअलीकडच्या, रवांडातल्या रुबावूतही पडले, आणि त्या युद्धातल्या रवांडाच्या भूमिकेवर संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी गंभीर आक्षेप घेतलेत. रुबावूला जाण्याआधी ताजी परिस्थिती पाहा. किगालीतलं गिसोझीचं नरसंहार स्मारक मात्र चुकवू नका. अडीच लाखांवर माणसं तिथे पुरलेली आहेत. आणि कुणालाही ‘तू हुतू की तुत्सी’ हे विचारू नका.

जेवणाची भीती तर निराधार आहे. घेवड्याच्या दाण्यांची उसळ, बटाटे, केळी, भात, भाज्या हे तिथलं रोजचं जेवण. कसाव्याच्या पानांच्या इसोंबेत कधी मांस किंवा मासळी घालतात, तेवढं विचारून घ्या. किगालीत भारतीय हॉटेलंही आहेत.

गोरिलांचं परमिट आवाक्याबाहेर असेल तर त्याच ज्वालामुखींच्या उतारावर सोनेरी माकडं बघता येतात, त्या दराच्या अगदी थोड्या अंशात. अकागेरा, न्युंग्वे, किवू धरून आठवडा सहज भरतो. जून ते सप्टेंबर कोरडा काळ. फक्त महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी लांबचा प्रवास ठेवू नका. ‘उमुगांडा’च्या सामूहिक श्रमदानाला सगळा देश बाहेर पडलेला असतो, आणि अकरापर्यंत रस्ते जवळपास बंद असतात.