ख्रिसमस ट्रीला साखर नको, साधं पाणी पुरे

डिसेंबर लागला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲपवर एक नुस्खा फिरू लागतो. कापून आणलेलं ख्रिसमस ट्री महिनाभर हिरवंगार ठेवायचं असेल तर खोड तिरपं कापा, बुंध्याला मधोमध भोक पाडा, गरम पाण्यात साखर, ॲस्पिरिनची गोळी आणि थोडं ब्लीच टाका, वरून हेअरस्प्रे मारा.

शेवटापासून सुरुवात करते, कारण ती सूचना धोक्याची आहे. हेअरस्प्रे पेट घेणारी वस्तू आहे. सुकत चाललेल्या, राळेने भरलेल्या झाडावर ती फवारायची आणि त्यावर दिव्यांच्या माळा सोडायच्या? कृपा करून असं करू नका.

साखरेची कल्पना बहुधा फुलदाणीतून आली असावी. गुलाबाच्या पाण्यात साखर घालतात ती कळी उमलायला बळ मिळावं म्हणून. ख्रिसमस ट्री म्हणून आणतात त्या फरच्या झाडावर उमलायचं काही नसतं, त्याला फक्त पाणी हवं असतं. साखरेने पाण्यात जिवाणू मात्र वाढतात, आणि मग ते मारायला ब्लीच! वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचे वनस्पतिरोगतज्ज्ञ गॅरी चॅस्टॅग्नर यांनी कापलेल्या ख्रिसमस ट्रींवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचाही सल्ला नळाच्या साध्या पाण्याचाच आहे. शिवाय झाड ज्यात उभं करतात त्या स्टँडचं पाण्याचं भांडं जमिनीलगत, उघडं असतं. रांगतं मूल तिथे हात घालतं, मांजर ते पाणी पितं, आणि मांजराला ॲस्पिरिन विषारी असतं.

खोड कापण्याबद्दल मात्र नुस्खा अर्धा बरोबर आहे. झाड तोडल्यावर कापलेल्या तोंडाशी हवा शिरते, राळ जमते आणि पाण्याची वाट बंद होते. म्हणून घरी आणल्यावर बुंध्याची साधारण अर्ध्या इंचाची चकती काढायलाच हवी. पण ती सरळ, आडवी. तिरप्या कापाने झाड स्टँडमध्ये नीट उभं राहत नाही, आणि पाणी जरा उतरलं की कापाची वरची कड उघडी पडते. भोक पाडण्याचाही उपयोग नाही. पाणी चढतं ते मुख्यतः सालीच्या आतल्या ताज्या लाकडातून. मधल्या गाभ्याला भोक पाडून काय मिळणार? स्टँड अरुंद आहे म्हणून काही जण बुंध्याच्या कडा तासतात. त्यात तर नेमकं पाणी ओढणारं लाकूडच जातं. स्टँड मोठा आणा.

गरम पाण्याने काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो पाणी किती आणि किती वेळा घालता याने. खोडाच्या जाडीच्या दर इंचाला साधारण एक लिटर पाणी मावेल असा स्टँड हवा. चार इंची बुंध्याला चार लिटर. पहिल्या दिवशी झाड भराभर पाणी पितं, म्हणून सकाळ-संध्याकाळ वाकून बघा. कापलेलं तोंड कित्येक तास कोरडं राहिलं तर ते पुन्हा बंद होतं, आणि सजवलेलं झाड उतरवून परत कापायला कोणाला जमतं? हीटरची गरम हवा येते त्या जाळीपासून आणि शेकोटीपासून झाड लांब ठेवा, माळा एलईडीच्या लावा. त्या कमी तापतात.

मधूनमधून फांदीवरून हलकेच हात फिरवत जा. सुईसारखी हिरवी पानं मुठीत यायला लागली म्हणजे झाड सुकलं; मग नाताळ दोन दिवसांवर असला तरी माळा काढा आणि झाड घराबाहेर न्या.