छपाई शिकवताना घ्यावयाची काळजी

मुद्रण विभागाचे प्रमुख झाल्याबद्दल अभिनंदन. पहिल्या दिवशी विभागात एक फेरी मारा. कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेलं जे धूड दिसेल ते ऑफसेट छपाईचं मशीन. ताडपत्री उचलू नका. उचललीत तर धूळ उडेल, धूळ उडाली की कुणीतरी विचारेल, ‘हे चालतं का हो?’ आणि असले प्रश्न एकदा लेखी आले की उत्तरही लेखी द्यावं लागतं.

बंद मशीनइतकं निरोगी मशीन नाही. चालत्या मशीनचं रबरी ब्लँकेट दबतं, रोलर झिजतात, कागद धरणारे ग्रिपर तो सोडून देतात. मग दुरुस्तीचा प्रस्ताव, तीन कोटेशनं, लेखा विभागाची शंका, आणि मंजुरी येईपर्यंत मार्च उलटलेला. बंद मशीन मात्र डेडस्टॉक रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षं ‘सुस्थितीत’ असतं. तपासणीला पथक येणार असेल तर ताडपत्री तेवढी नवी घ्या. निळी छान दिसते.

आता शिकवायचं काय? ऑफसेटचं तत्त्व शिकवा. तेल आणि पाणी मिसळत नाही, एवढ्याशा गोष्टीवर झेनेफेल्डरनं १७९६च्या सुमारास जर्मनीत दगडावरची छपाई उभी केली, आणि आजची प्लेटही त्याच जोरावर चालते. पाच मार्कांना येतं, आकृती काढली तर आठ. प्लेटवरची कोरी जागा ओली ठेवणाऱ्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, ४.५ ते ५.५च्या दरम्यान हवा, हेही घोकून घ्या. पण तिथंच थांबा. पाणी वाढलं की काळा रंग राखाडी पडतो, कमी झालं की कोऱ्या जागेत शाई धरू लागते, आणि या दोहोंच्या मधली जागा मशिनमन फिरत्या प्लेटवरची चकाकी तिरक्या नजरेनं बघून ओळखतो. ती चकाकी जर्नलमध्ये चिकटवता येत नाही, आणि जे चिकटवता येत नाही त्याला मार्क नाहीत. एखादी चौकस पोरगी विचारेलच, ‘सर, बोअरच्या पाण्यानं रोलरवर क्षार बसतात आणि मग रोलर शाई घेत नाही म्हणे, ते काढायचे कसे?’ तिला पीएचची व्याख्या पुन्हा एकदा लिहून आणायला सांगा.

खरी भीती मशीनची नाही, रद्दीची आहे. वर्तमानपत्राचा एक ताव घेऊन तो तीनदा दुमडला, पानांवर आकडे टाकले आणि पुन्हा उलगडला की सोळा पानांचा फर्मा समोर हजर! कुठलं पान उलटं, कुठलं सुलटं, एकाच्या शेजारी सोळा का, आणि पाठीच्या घडीवर शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज दरवेळी १७च का, हे मिनिटभरात समजतं आणि जन्मभर विसरत नाही. तेव्हा वर्गात कागद दुमडू देऊ नका. फळ्यावर तक्ता काढा आणि पाठ करायला लावा. कागद फाडूही देऊ नका. एका दिशेनं तो बराच सरळ फाटतो, आडव्या दिशेनं वेडावाकडा. ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, ओळखायला एवढं पुरतं. ती ओळखता आली की एखादं पुस्तक टेबलावर उघडं का राहत नाही हेही कळतं, आणि मग पोरं ग्रंथालयात जाऊन पुस्तकं उघडून बघू लागतात. ग्रंथपाल तुमच्याकडे तक्रार घेऊन येतील.

कॉम्प्युटर लॅब मात्र धडाक्यात चालू द्या. थंडगार असते, फोटो चांगले येतात. पोरं आरजीबीमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या रंगांत, झगझगीत मोरपंखी लग्नपत्रिका करतात. छपाईच्या चार शायांत छापली तर ती मळकट उतरेल. कडेला ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून टाकायचा जादा भाग, सोडलेलं नसतं, त्यामुळे कटिंगला गणपतीचा कान जाईल. पण आपल्याकडे छपाई आणि कटिंग दोन्ही होत नाही, त्यामुळे गणपती सुखरूप आहे.

अडचण एकच उरते. बहुतेक विभागांत एखादा जुना शिल्पनिदेशक असतो. हाताला रॉकेलचा वास, खिशात भिंग. तुम्ही मीटिंगला गेलात की हा बाबा ताडपत्री काढतो, कागदाच्या गठ्ठ्याला हवा देतो, आणि निळ्यावर लाल रंग केसभर कसा सरकलाय हे पोरांना भिंगातून दाखवतो. पोरं जेवायची सुट्टी विसरतात. रागावू नका, माणूस भला असतो. निवडणुकीच्या कामाला कर्मचाऱ्यांची नावं मागवली की त्याचं नाव सगळ्यात वर टाका.

छापखान्याच्या मालकांना वर्षातून एकदा व्याख्यानाला बोलवा. ‘तुमच्या पोरांना काही येत नाही’ हे ते येऊन सांगतात, शाल-श्रीफळ घेतात. त्यांच्याकडे ॲप्रेंटिस पाठवायची सोय १९६१च्या कायद्यानंच करून ठेवली आहे. तिथं आधी चहा सांगणं, मग प्लेटा आणणं, आणि दिवाळी अंकांच्या दिवसांत पहाटेपर्यंत शीटा मोजणं, असा क्रम असतो. मशीनला हात लावू देत नाहीत, कारण तयार झालेलं पोरगं दोन पैसे जास्त मिळाले की शेजारच्या छापखान्यात जातं. शेजारचाही त्याच कारणानं कुणाला शिकवत नाही. हा हिशेब दोघांना मान्य आहे. तुम्ही मध्ये पडू नका.

वर्षअखेरीला पदविका प्रदान समारंभ. माहितीपत्रक, निमंत्रणं आणि प्रमाणपत्रं अर्थातच टेंडर काढून बाहेरून छापून घ्या. सगळ्यात कमी दर भरणाऱ्याकडून ती येतील. त्यावरच्या बोधचिन्हाचा लाल निळ्यातून बाहेर आलेला असेल. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्याकडे नीट बघा. प्रमाणपत्र हातात घेऊन तो नुसता हसला, तर वर्ष ठरल्याप्रमाणे पार पडलं. त्यानं ते डोळ्यांजवळ नेलं, तर निवडणुकीच्या यादीतून कोण सुटला होता त्याची आधी चौकशी करा.